कळण्याची भाकरी : खानदेशाच्या ताटाचा इतिहास

मार्गशीर्षांतली चंपाषष्ठी जवळ आली कीं आसोदें, भादली, बामणोद अशा जळगांवकडच्या गांवांच्या मळ्यांतून धुराच्या रेघा वर चढूं लागतात. शेताच्या कडेला पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ पेटलेला असतो आणि त्यांत हिरवट पांढऱ्या सालीचीं मोठालीं वांगीं भाजत घातलेलीं असतात. साल काळी पडून सुटली कीं आंतला गर लाकडी भांड्यांत घालून कुटतात. त्यांत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे पडतात आणि वरून तेलाची फोडणी बसते. जोडीला कळण्याची भाकरी, कच्चा कांदा आणि मुळा. नवख्या पाहुण्याला हा केवळ सहलीचा बेत वाटतो. वस्तुतः त्या एका ताटांत खानदेशाची माती, तेथला पाऊस, तेथला व्यापार आणि तेथल्या बायकांचे श्रम हीं सारीं एकत्र आलेलीं असतात.

अखंड धान्य, ताजी भाजी, ऋतूंतलें फळ आणि घरचा स्वयंपाक यांचें महत्त्व आहारशास्त्राला प्रयोगशाळेंत पटलें तें गेल्या सव्वाशे वर्षांत. खानदेशाच्या ताटांत या गोष्टी त्याआधींच मांडलेल्या होत्या, असें अभिमानानें सांगितलें जातें. तें बरेंच खरें आहे, पण पुरतें खरें नाहीं. किती खरें आणि किती अपुरें, याचा निवाडा इतिहासाकडूनच करून घ्यावा लागतो.

खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे व सातमाळ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीचे फांटे, आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या दक्षिणेकडून येऊन तिला मिळतात. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत गेला. १९०६ सालीं त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. कारभाराच्या सीमा अशा बदलत गेल्या, तरी जमिनीनें आंखून दिलेल्या सीमा फारशा बदलल्या नाहींत. तापीकांठची काळी कसदार जमीन ओल धरून ठेवते. पावसाळा सरल्यावर केवळ त्या ओलीच्या आधारावर तेथें दादर ही रब्बी ज्वारी पिकते. धुळें-शिंदखेड्याकडे पाऊस थोडा आणि पुष्कळ जमीन हलकी. तेथें बाजरीचा भर. पश्चिमेस नवापूरच्या बाजूला पाऊस भरपूर, तेथें भात. सातपुड्याच्या उतारावर भिल्ल व पावरा लोकांच्या शेतांत ज्वारी-मक्याबरोबर मोर, बर्टी, भगर यांसारखीं बारीक धान्यें.

गहूंही पिकत असे, परंतु बहुसंख्य शेतकरी घरांत तो सणाचा मानकरी होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पालथ्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे आणि आमरस. श्रावणांत कानबाईचे रोट. अशा प्रसंगीं गहूं घरांत मिरवे. एरवीं रोजची भूक भागवी ती भाकरी. सण आणि रोजचा दिवस यांतला हा भेद धान्यावरूनच ओळखूं येई.

भाकरींतही खानदेशाची स्वतःची म्हणून जी भाकरी आहे ती कळण्याची. कळणा हा मराठी शब्द डाळ भरडतांना निघणाऱ्या चुरीला लावतात. खानदेशांत मात्र त्याला निराळा अर्थ आला. साधारण चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट काळे उडीद आणि चवीपुरतें खडेमीठ एकत्र दळून जें पीठ होतें तें कळण्याचें पीठ. कोठें ज्वारीऐवजीं बाजरी घेतात. उडदाच्या चिकटपणामुळें भाकरी मऊ राहते, शेतावर नेली तरी लवकर कडक होत नाहीं, आणि नुसत्या ठेच्याबरोबर किंवा तेल-तिखटाबरोबरही पोटाला आधार देते.

हें मिश्रण एकट्या स्वयंपाकघरांत सुचलेलें नव्हे. त्याचें मूळ शेतांत आहे. ज्वारी-बाजरीच्या पिकांत मधून मधून उडीद, मूग, तूर, चवळी, अंबाडी यांचीं तासें टाकण्याची शेतकऱ्याची जुनी वहिवाट होती. पाऊस लवकर ओसरला तर ज्वारी हुकली तरी उडीद-मूग पदरांत पडे. पाऊस लांबला तर उडीद कुजला तरी ज्वारी वांचे. अंबाडीच्या पाल्याची भाजी होई आणि तिच्या वाखाचे दोर वळले जात. द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठींतले जंतु हवेंतला नत्र जमिनींत आणतात, हें युरोपांत सिद्ध झालें १८८० नंतरच्या दशकांत. खानदेशाच्या शेतकऱ्याला नत्र हें नांव ठाऊक नव्हतें. उडदाच्या मागून घेतलेलें पीक चांगलें येतें, एवढें ठाऊक होतें.

जें शेतांत तेंच ताटांत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नांवाचा आवश्यक घटक कमी असतो. उडदासारख्या कडधान्यांत तो विपुल असतो. उलट कडधान्यांत गंधकयुक्त घटकांची जी उणीव असते ती तृणधान्य भरून काढतें. दोन्ही एकत्र खाल्लीं म्हणजे एकाचें उणें दुसरें पुरें करतें, आणि दोहोंचीं प्रथिनें शरीराच्या अधिक उपयोगी पडतात. चारास एक हें प्रमाण कोण्या शास्त्रज्ञानें घालून दिलेलें नाहीं. चव, पचन आणि घरांतला सांठा या तिन्हींच्या तोलांतून तें हळूहळू ठरत गेलें.

धुळें जिल्ह्यांत या तोलाला आणखी एका व्यवस्थेचा टेका होता. पांझरा नदीवर आणि तिच्यासारख्या इतर नद्यांवर तीन-चारशें वर्षांपासून दगडी बंधारे घालून पाटाचें पाणी घेण्याची पद्धत चालत आली. तिला फड पद्धति म्हणतात. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडीत. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें आणि पिकें आळीपाळीनें फडांतून फिरवावयाचीं, असा नेम असे. एका शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत थोडी थोडी असे. त्यामुळें पाणी आटलें तर तोटाही वांटला जाई. पाणी सोडण्याचें काम पाटकऱ्याकडे असे आणि त्याची मजुरी गांव भरी. या व्यवस्थेमुळें कोरडवाहू मुलखाच्या मधोमध ऊंस, भात, गहूं, हरभरा आणि भाजीपाला एकाच शिवारांत येऊं शके. बाजरीच्या भाकरीशेजारीं गूळ आणि हिरवी भाजी दिसे ती या पाण्याच्या शिस्तीमुळें.

वर्षाचें चक्र ताटावर स्पष्ट उमटे. उन्हाळ्यांत विहिरींचें पाणी तळाशीं जाई आणि भाजी दुर्मिळ होई; म्हणून त्याच कडक उन्हाचा उपयोग करून ज्वारीचे बिबडे, नागलीचे व उडदाचे पापड, वड्या, कुरडया अशी वर्षाची बेगमी होई. आंबा आणि कांदा हे त्या दिवसांचे सोबती. आषाढांतल्या कांदेनवमीला कांदा-वांग्यांचा निरोप घेऊन पुष्कळ घरें चातुर्मास पाळीत. पहिल्या पावसाबरोबर बांधावर आणि रानांत तांदुळजा, घोळ, टाकळा, करटोलीं उगवत. शेवग्याचा पाला व अंबाडी भाजीला येत. भाद्रपद-आश्विनांत मूग-चवळीच्या शेंगा आणि नवी बाजरी. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखविला म्हणजे वर्ज्य केलेलें वांगें पुन्हा घरांत येई, आणि थंडीच्या दिवसांतलें तें वांगें गरानें भरलेलें असे. पौषांत भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हातीं लागतील तितक्या भाज्यांची एकत्र भाजी. त्यामागोमाग दादरचा हुरडा, ओला हरभरा, बोरें, पेरू, चिंच. फाल्गुनांत नवा गहूं घरीं येई आणि चक्र पुन्हा उन्हाळ्याकडे वळे.

या ताटावर जुनें म्हणून जें मिरवतें, तें सगळेंच फार जुनें नाहीं. मिरची अमेरिका खंडांतली. ती पोर्तुगीजांच्या मागून, सोळाव्या शतकांत आणि त्यापुढें या देशांत पसरली. भुईमूगही तिकडचाच, आणि खानदेशांत त्याचा मोठा पेरा झाला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. त्यापूर्वीं घरांत तेल असे तें तिळाचें, करडईचें, जवसाचें. शेंगदाण्यावांचून भरीत आणि हिरव्या मिरचीवांचून ठेचा ही आज कल्पनाही करवत नाहीं. तरी दोन्ही पदार्थांचें आजचें रूप हें परक्या बियाण्याला घरच्या रीतींत बसवून घेतल्याचें फळ आहे. परंपरा याचा अर्थ बदल न होणें असा नाहीं. आलेल्या बदलाला तोल राखून सामावून घेणें हा तिचा खरा अर्थ.

या ताटाची किंमत कोण देत असे, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाहीं. पीठ अखंड, कोंड्यासकट असे, याचें कारण तें जात्यावर दळलेलें असे. पहांटेच्या अंधारांत उठून घरच्या बायका दिवसभराचें पीठ दळीत. मग पाणी, शेण, स्वयंपाक, आणि नंतर शेत. आसोद्याला १८८० सालीं जन्मलेल्या आणि जळगांवला संसार केलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नसे. दळतांना, शेतांत राबतांना त्यांनीं आपल्या बोलींत गाणीं रचलीं. १९५१ सालीं त्या वारल्या आणि १९५२ सालीं तीं गाणीं पुस्तकरूपानें बाहेर आलीं, तेव्हां उभ्या महाराष्ट्राला ‘घरोट’ हा जात्याचा खानदेशी शब्द कळला. त्या घरोटाभोंवतीं जितकें काव्य आहे तितकाच घामही आहे. तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी गांवांत आली तेव्हां शहरांतल्या कांहीं विचारवंतांनीं हळहळ व्यक्त केली. पण जिच्या खांद्यावरचा भार उतरला ती बाई हळहळली असेल, असें मानण्यास आधार नाहीं. गिरणींतही पीठ अखंड राहूं शकतें. त्याचा कोंडा जातो तो बारीक चाळणीच्या आणि पांढऱ्या पिठाच्या हौसेमुळें.

ताटाचा तोल खरा ढळला तो बाजारामुळें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग चाळीसगांव, पाचोरा, जळगांव, भुसावळ असा खानदेशांतून गेला. जळगांव कापसाची मोठी पेठ म्हणून वाढलें तें याच काळांत. तापीकांठची जी काळी जमीन दादर पिकवीत असे तिच्यावर कपाशीनें हक्क सांगितला. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव कोसळले. परंतु कपाशी हटली नाहीं, कारण सारा रोख रकमेंत द्यावयाचा होता आणि सावकाराचें देणेंही रोखच होतें. शेतकऱ्याच्या हातीं पैसा अधिक खेळूं लागला आणि घरांतल्या कणगींत धान्य कमी राहूं लागलें.

त्याचा अर्थ दुष्काळांत उघड झाला. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे मुंबई इलाख्यावरचे मोठे दुष्काळ. त्यांतला शेवटचा खानदेशाला फार जड गेला. ज्या घरीं पेवांत ज्वारी होती तें घर कांहीं महिने तगलें. ज्याचा संसार कपाशीवर किंवा मजुरीवर होता, त्याला भाव चढलेलें धान्य विकत घ्यावें लागलें, आणि तें न परवडल्यामुळें खडी फोडण्याच्या सरकारी कामावर जावें लागलें. रेल्वे धान्य आणूं शके, तशीच तें नेऊंही शके. ज्याच्या हातीं पैसा नाहीं त्याच्या गांवीं तें उतरत नसे. डोंगरांतल्या भिल्लांचा आधार म्हणजे रान. मोहाचीं फुलें, कंद, फळें, पाला यांवर ते वाईट महिने काढीत. परंतु १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांत त्यांचा शिरकाव अवघड करून ठेवला. ऋतूप्रमाणें खाणें हें त्या काळीं आरोग्याचें व्रत नव्हतें. ऋतूनें दिलें तें खाल्लें, न दिलें तेव्हां उपास घडला. खानदेशाच्या जुन्या ताटाची स्तुति करतांना हा दुसरा भाग वगळणें म्हणजे अर्धाच इतिहास सांगणें होय.

याच सुमारास जगांत दुसरीकडे आहाराचें शास्त्र जन्माला येत होतें. १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटांत ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्याला असें आढळलें कीं, सडीक पांढऱ्या तांदुळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो आणि तांदुळाचा कोंडा मिळतांच तो हटतो. १९१२ सालीं कासिमिर फुंक यानें अशा जीवनद्रव्यांना व्हिटॅमिन हें नांव सुचविलें. १९२९ सालीं आइकमानला नोबेल पारितोषिक मिळालें. हिंदुस्थानांत निलगिरीवरील कुन्नूर येथें १९१८ सालीं रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं संशोधन सुरू केलें. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांना घालून त्यांनीं असें दाखविलें कीं, अखंड गहूं, दूध, डाळी आणि ताज्या भाज्या यांवर वाढलेले उंदीर धष्टपुष्ट होतात, आणि सडीक तांदुळाच्या निकृष्ट आहारावर ठेवलेले रोगट राहतात.

हा विचार खानदेशांत पोंचला तो निराळ्या वाटेनें. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि महात्मा गांधींनीं हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ, गूळ व हिरवा पाला यांचा पुरस्कार आपल्या लेखांतून चालविला. १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन पहिल्यानेंच एका खेड्यांत भरलें. तें खेडें यावल तालुक्यांतलें फैजपूर. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. बांबू आणि गांवांतलेंच साहित्य वापरून नंदलाल बोस यांनीं नगराची सजावट केली. खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनांत गांधीजींचें भाषण झालें. शहरांतून आलेल्या सुशिक्षितांना अखंड धान्याचें महत्त्व तेथें नव्यानें सांगितलें जात होतें. अधिवेशनासाठीं राबणाऱ्या आसपासच्या शेतकऱ्यांना त्यांत नवें असें कांहींच नव्हतें. त्यांच्या शिदोरींत भाकरीच होती. नवें होतें तें इतकेंच कीं, ज्या खाण्याला आजवर गांवढळ म्हटलें जाई त्याला प्रतिष्ठित माणसांच्या तोंडून मान मिळाला.

तथापि शास्त्रानें पुढें आणखी एक गोष्ट शिकविली, आणि ती अभिमानाला आळा घालणारी आहे. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादला हलली. दख्खनच्या पठारावर जे गरीब मजूर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगत, त्यांच्यांत पेलाग्रा हा त्वचेचा व मज्जातंतूंचा रोग दिसे. त्याचा अभ्यास तेथें झाला, आणि १९६० सालीं सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनीं ज्वारी व या रोगाचा संबंध जगापुढें मांडला. ज्वारींतील ल्यूसीनच्या आधिक्याचा जो सिद्धान्त त्यांनीं सांगितला त्यावर पुढें वाद झाला. परंतु एकाच धान्यावर भागवणाऱ्या दारिद्र्याचें हें दुखणें आहे, याविषयीं मतभेद नाहीं. डाळ, भाजी, दूध जोडीला असलें कीं ज्वारी उत्तम धान्य. जोडीला कांहींच नसलें कीं तीच अपुरी. म्हणजे ताटाचा गुण एकट्या ज्वारीचा नव्हता. तो कळण्याचा होता.

दुसऱ्या महायुद्धांत धान्याची टंचाई झाली, १९४३ सालीं मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें, आणि तेव्हांपासून धान्य ही सरकारनें पुरवावयाची वस्तु झाली. १९५६ च्या करारानें अमेरिकेचा गहूं येऊं लागला. १९६४ सालीं संकरित ज्वारीचें पहिलें वाण आलें; उत्पन्न वाढलें, तरी दादरच्या भाकरीची गोडी तिला नाहीं, ही तक्रार घरोघर राहिली. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्राच्या खेड्यांनीं परदेशची लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले. ती चव त्या पिढीला विसरतां आली नाहीं. हरितक्रांतीनंतर रेशनच्या दुकानांत स्वस्त गहूं आणि तांदूळ नियमानें मिळूं लागले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें गहूं दोन रुपयांना आणि तांदूळ तीन रुपयांना किलो झाला. भुकेच्या दृष्टीनें ही केवढी मोठी गोष्ट! परंतु त्याबरोबर सणाचा गहूं रोजचा झाला, आणि रोजची ज्वारी महाग व हौसेची झाली. भाकरी थापण्याचा हात घरांतून उतरणीला लागला.

फळाची कथाही अशीच आहे. रावेर, यावल, चोपडें या तालुक्यांत विहिरींच्या पाण्यावर केळीच्या बागा वाढल्या. बसराई जातीचीं केळीं सावदा, रावेर या स्टेशनांवरून रेल्वेच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जाऊं लागलीं. अलीकडच्या तीन दशकांत ऊतिसंवर्धित रोपें आणि ठिबक सिंचन यांमुळें उत्पन्न आणखी वाढलें. २०१६ सालीं जळगांवच्या केळ्याला आणि त्याचप्रमाणें भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालें. केळें हें बारमाही फळ. त्याला ऋतु नाहीं, म्हणून त्याला बाजार आहे. त्यानें खानदेशाला पैसा दिला, पक्कीं घरें दिलीं, मुलांना शिक्षण दिलें. त्याच वेळीं रावेर-यावलकडील जमिनीखालचें पाणी वर्षानुवर्ष खोल जात राहिलें. उडदाच्या तासाला पाणी लागत नसे. केळीला बारा महिने लागतें. ताटाचा तोल हा अखेर पाण्याचाही तोल असतो, हें पांझरेच्या कांठच्या फडवाल्यांना ठाऊक होतें.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, आणि ज्वारी, बाजरी, नागली यांना शहरांत पुन्हा दिवस आले. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ज्वारीचीं बिस्किटें सुबक वेष्टनांत मिळतात. हें वाईट नाहीं; मात्र तेवढ्यानें कळण्याची भाकरी परत येत नाहीं. साखर आणि मैदा यांच्या संगतींत बसलेली ज्वारी ही एकटी पडलेली ज्वारी आहे. सातपुड्याच्या पाड्यांत आजही बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न सुटलेला नाहीं, आणि तेथलींच बारीक धान्यें शहरांत आरोग्याचें अन्न म्हणून चढ्या भावानें विकलीं जातात, ही विसंगति तर अधिकच बोंचणारी आहे.

सुशिक्षित घरानें या इतिहासांतून काय घ्यावें? जात्यावर पुन्हा बसावें, असें कोणी म्हणणार नाहीं. दुष्काळाचे दिवस तर कोणालाच नकोत. घ्यावयाची ती जोडीची रीत. धान्याला कडधान्याची जोड, भाकरीला पाल्याची जोड, बाजारांतून आणलेल्या भाजीला त्या त्या महिन्याची जोड. गिरणीवाल्याला चार किलो ज्वारींत एक किलो काळे उडीद सालीसकट घालून दळून मागितलें तर तो आजही देतो. पीठ बारीक चाळणीनें चाळूं नये. भाकरी एकट्या आईनें किंवा सुनेनेंच थापावी असा आग्रह धरूं नये. आणि दादर पिकविणाऱ्या शेतकऱ्याला कपाशीच्या तोडीचा भाव द्यावयाची तयारी ठेवावी. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण शेतांतलें उडदाचें तास टिकलें तरच पिठांतला उडीद टिकेल.

मार्गशीर्षांत मळ्यांत वांगीं भाजण्यासाठीं जो जाळ पेटतो तो पऱ्हाटीचा असतो. ज्या कपाशीनें एके काळीं धान्याची जमीन घेतली तिच्याच काड्यांवर आज भरिताचें वांगें भाजलें जातें, आणि तें खाल्लें जातें उडीद मिसळलेल्या भाकरीबरोबर. खानदेशानें बाजार नाकारला नाहीं आणि भाकरीही सोडली नाहीं. दोन्ही एकाच ताटांत बसविण्याची खटपट त्यानें दीडशें वर्षें चालविली आहे. ती खटपट अजून संपलेली नाहीं.